धनुर्वाताची जामीनकी

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात, ज्या मेहकराची नोंद अकबराच्या दप्तरात वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून आढळते त्या जुन्या कसब्यापासून थोड्याच अंतरावर, हिवरा आश्रम नावाचे जे गाव आहे, त्याला आजची ओळख शुकदास महाराजांनी १९६५ साली स्थापिलेल्या विवेकानंद आश्रमामुळे प्राप्त झाली. स्वामी विवेकानंदांची जयंती येथे तिथीप्रमाणे, पौष वद्य सप्तमीच्या सुमारास, साजरी होते. आणि उत्सवाच्या अखेरीस विस्तीर्ण पटांगणात मांडलेल्या पंगतींना ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते, तेव्हा जेवायला बसलेल्या माणसांची संख्या लाखाच्या घरात जाते. ज्या महाराजांनी हयातभर रुग्णसेवा केली, त्यांच्या गावी जमणाऱ्या या समुदायाकडे आरोग्याच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहण्याचा मोह मला आवरत नाही, आणि तो अनुचित आहे असेही मला वाटत नाही. कारण लसीचा इतिहास हा फार मोठ्या अंशी यात्रांचा, छावण्यांचा आणि वसतिगृहांचा, म्हणजे दाटीने राहणाऱ्या माणसांचा इतिहास आहे.

वऱ्हाडात पटकीला मरीआईचा कोप म्हणत आणि गोस्तनदेवीची लस टोचणाऱ्याला 'देवी काढणारा' म्हणत. मुंबई बंदरात १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातील पहिली लस टोचली गेली, आणि तेथून निघालेला तो उपचार टप्प्याटप्प्याने, पुष्कळशा नाखुशीने, क्वचित हुकमाच्या धाकाने, १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेल्या या वऱ्हाड मुलखातील खेड्यापाड्यांतही पोहोचला. साठी ओलांडलेल्या माणसांच्या दंडावर त्याचे गोल वण अजून दिसतात. परंतु ज्या रोगाविषयी येथे लिहावयाचे आहे, त्याचा स्वतंत्र मागमूस त्या काळच्या सरकारी दप्तरात शोधू जाणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. मृत्यूची नोंद गावकामगाराच्या तोंडून होई, आणि त्यासाठी जे रकाने आखलेले असत ते पटकी, देवी, हगवण, इजा अशा ढोबळ कारणांचे. बाकी सारे मरण 'ताप' या एका प्रशस्त रकान्यात सामावले जाई. दोन दिवसांच्या तापात मान ताठ होऊन, उजेड सहन न होऊन, बेशुद्धीत गेलेले मूल कारकुनाच्या लेखी हिवतापाने गेलेल्या मुलाहून वेगळे नव्हते. आमच्या भागातील मेंदूज्वराचा इतिहास त्या एका रकान्यात पुरला गेला आहे, असे माझे मत आहे.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती जी पातळ आवरणे असतात त्यांचा दाह, असे या रोगाचे स्वरूप. डासांमुळे होणारा जो जपानी मेंदूज्वर विदर्भाच्या परिचयाचा आहे तो खुद्द मेंदूच्या पेशींवर आघात करतो, म्हणून तो येथे बाजूला ठेवू. आवरणांचा दाह विषाणूंनीही होतो आणि क्षयाच्या जंतूनेही होतो. पण भयंकर म्हणून ज्यांची ख्याती आहे ते जंतू प्रामुख्याने तीन: मेनिंगोकोकस, न्यूमोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझाचा 'ब' प्रकार. यांपैकी पहिल्याच्या साथीचे तपशीलवार वर्णन जिनीव्हाच्या व्ह्यूसो नामक वैद्याने १८०५ साली केले, आणि त्याचा जंतू व्हिएन्नामध्ये वाइक्सेलबाउम याने १८८७ साली ओळखला. तिघांचेही एक साम्य असे की, ते माणसाच्या नाकाघशात बहुधा निरुपद्रवीपणे मुक्काम करून असतात, आणि तिघांच्याही अंगावर शर्करेच्या साखळ्यांचे एक निसरडे कवच असते, ज्याच्या योगाने रक्तातील भक्षक पेशींना त्यांच्यावर पकड बसविणे कठीण जाते. पुढील सारी कथा या कवचाची आहे.

कवचाचे रहस्य उलगडण्यापूर्वी उपाय सापडला होता, आणि तो घोड्यांकडून आला. १९०४-०५ साली न्यूयॉर्क शहरात मेनिंगोकोकसची मोठी साथ उसळली, तेव्हा रॉकफेलर संस्थेतील सायमन फ्लेक्सनर याने घोड्यांना हा जंतू टोचून, त्यांच्या रक्तात जी प्रतिपिंडे निर्माण झाली ती रक्तरसासह काढून, रुग्णाच्या पाठीच्या कण्यातून थेट मज्जाद्रवात सोडण्याची पद्धत प्रचारात आणली. जर्मनीत योखमान यानेही सुमारे त्याच वेळी तोच मार्ग धरला होता. ज्या रोगात शंभरांतील सत्तर-पंचाहत्तर रुग्ण दगावत, त्यात १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे तेराशे रुग्णांच्या हिशेबात मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास उतरले. मात्र ही शक्ती उसनी होती. घोड्याची प्रतिपिंडे माणसाच्या रक्तात काही आठवडे टिकत आणि विरून जात. रुग्णाच्या देहाने स्वतः काही शिकून घेतलेले नसे, उलट परक्या प्राण्याच्या रक्तरसाविरुद्धच त्याचे शरीर उठाव करी आणि अंगावर पित्त उठणे, सांधे धरणे असे उपद्रव होत.

घोड्यांच्या या वाटेने आपण अनायासे पुण्याजवळ येऊन पोहोचतो. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगच्या संशोधनासाठी १८९९ साली प्रयोगशाळा थाटली गेली आणि १९२५ पासून जिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले, तेथे धनुर्वात, घटसर्प, सर्पदंश यांवरील रक्तरस तयार करण्यासाठी घोडे लागत. आणि ते पुरविणाऱ्यांत पुण्याचे पूनावाला कुटुंब होते, ज्यांनी १९४६ साली शर्यतीच्या घोड्यांची पैदास सुरू केली होती. शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा मुंबईस धाडावा, तेथे त्याच्या रक्तातून औषध निघावे, आणि ते औषध दुर्मीळ म्हणून लोकांनी त्याची वाट पाहत बसावे, यापेक्षा ते काम आपल्याच पागेशेजारी का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना केली. नावातच 'सीरम', म्हणजे रक्तरस, आहे. संस्थेचे पहिले उत्पादन धनुर्वाताचे प्रतिविष होते. पुढे धनुर्वाताचे निर्विष केलेले विष, ज्याला टॉक्सॉइड म्हणतात, ते तेथे प्रचंड प्रमाणावर तयार होऊ लागले. या किरकोळ दिसणाऱ्या गोष्टीचे महत्त्व चाळीस वर्षांनी प्रकट व्हावयाचे होते.

१९३७ नंतर सल्फा औषधे आणि त्यामागून पेनिसिलिन आल्यावर घोड्यांचा रक्तरस मागे पडला, आणि लस शोधण्याची निकडही उरली नाही. पण १९६३ च्या सुमारास अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत सल्फाला न जुमानणारे मेनिंगोकोकस फैलावू लागले, तेव्हा वॉल्टर रीड संस्थेतील गॉटश्लिख, गोल्डश्नायडर आणि आर्टेनस्टाइन या तीन तरुण डॉक्टरांकडे हे काम आले. त्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेले पाच निबंध हे या विषयातील मूलग्रंथ होत. फोर्ट डिक्स छावणीत दाखल होताच ज्यांचे रक्त काढून ठेवले होते अशा हजारो रंगरुटांपैकी पुढे जे आजारी पडले, त्यांच्या जुन्या रक्तात जंतुनाशक प्रतिपिंडे केवळ पाच-सहा टक्क्यांत आढळली, आणि जे निरोगी राहिले त्यांच्यापैकी ब्याऐंशी टक्क्यांच्या रक्तात ती होती. प्रतिपिंडे जंतूच्या अंगावर चिकटावीत, त्यांच्या आवाहनाने रक्तातील पूरक द्रव्ये धावून यावीत आणि जंतूच्या आवरणाला छिद्रे पाडावीत, हा संरक्षणाचा मार्ग त्यांनी सिद्ध केला. शिवाय असेही दिसून आले की, नवजात अर्भकाच्या रक्तात आईकडून मिळालेली ही प्रतिपिंडे असतात, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत ती नीचांकाला जातात, आणि पुढे निरुपद्रवी जंतूंच्या सहवासाने हळूहळू वाढत जातात. रोगाचा कहर नेमका त्या मधल्या दरीत होतो.

मग गॉटश्लिख याने जंतूच्या कवचातील शर्करा अखंड, लांब साखळीच्या रूपात शुद्ध करून काढली आणि तीच लस म्हणून टोचली. प्रौढांत ती उत्तम चालली. कवचातील शर्करेवरून मेनिंगोकोकसचे जे गट पाडतात, त्यांपैकी 'क' गटाचा लष्करातील रोग तिने सुमारे नव्वद टक्क्यांनी घटविला, आणि ब्राझीलमध्ये लष्करी राजवटीने आधी दडवून ठेवलेली साथ हाताबाहेर गेली तेव्हा १९७५ साली कोट्यवधी लोकांना हीच शर्करेची लस टोचण्यात आली. परंतु तिच्यात एक मूलभूत उणीव होती, जी शरीराच्या कारभाराच्या रचनेतूनच उद्भवते. शर्करेची साखळी एकाच आकृतीची पुनरावृत्ती असल्यामुळे ती प्लीहेतील बी पेशींच्या अनेक ग्राहकांना एकाच वेळी धरते आणि त्यांना परस्पर चेतविते; टी पेशी, ज्या या साऱ्या कारभारातील मुख्य सल्लागार, त्यांना मात्र शर्करा दिसतच नाही, कारण त्यांना प्रथिनांचे तुकडेच तेवढे ओळखता येतात. टी पेशींची संमती नसल्यामुळे प्रतिपिंडे तयार होतात पण सुधारत नाहीत, त्यांची धार वाढत नाही, आणि पुढील प्रसंगांसाठी राखीव अशा स्मृतिपेशी घडत नाहीत. दोन वर्षांखालील बालकांच्या प्लीहेत या कामाच्या पेशी अद्याप अपक्व असतात, म्हणून ज्यांना लसीची सर्वाधिक गरज त्यांच्यातच ती निष्फळ ठरते. 'अ' गटाची शर्करा याला काहीशी अपवाद आहे, इतकेच. त्याहून विचित्र गोष्ट अशी की, हीच लस पुन्हा टोचली असता प्रतिसाद पूर्वीपेक्षा क्षीण होतो, कारण शिल्लक असलेल्या पेशी खर्ची पडतात आणि नव्या भरती होत नाहीत. नाकाघशात तळ ठोकून बसलेल्या जंतूंवरही ती परिणाम करीत नाही. टोचून घेतलेला माणूस वाचतो, पण शेजाऱ्याला जंतू देत राहतो.

यावरची युक्ती तोवर चाळीस वर्षे ग्रंथालयात पडून होती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतच एव्हरी आणि गोबेल यांनी १९२९ ते १९३१ या काळात न्यूमोकोकसची शर्करा घोड्याच्या रक्तातील प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडून सशांना टोचली होती, आणि एरवी जिची दखल सशाचे शरीर घेत नसे त्या शर्करेविरुद्ध प्रतिपिंडे उत्पन्न झाली होती. रॉबिन्स आणि श्नीअरसन या दीर्घकाळच्या सहकाऱ्यांनी १९८० साली हा धागा उचलून हिमोफिलसची शर्करा प्रथिनाशी जोडली, आणि १९८७ साली अमेरिकेत पहिली संयुग्म लस परवाना मिळवून बाजारात आली. तिची क्रिया समजण्यासाठी कचेरीचा जुना शिरस्ता आठवावा: परगावचा इसम अर्ज घेऊन येतो, त्याला कोणी ओळखत नाही, म्हणून अर्ज पडून राहतो, पण तोच गावच्या प्रतिष्ठित जामीनदाराचा हात धरून आला की त्याची नोंद होते, आणि एकदा नोंद झाल्यावर पुढे तो एकटा आला तरी त्याला ओळखतात. शर्करा ओळखणारी बी पेशी ते जोडद्रव्य गिळते, त्यातील प्रथिनाचे तुकडे करून टी पेशीपुढे मांडते. टी पेशी प्रथिनाची ओळख पटवून मदत देते, आणि त्या मदतीच्या बळावर बी पेशी लसिकाग्रंथींत जाऊन शर्करेविरुद्धच अधिकाधिक नेमकी प्रतिपिंडे घडविते आणि स्मृतिपेशी मागे ठेवते. तान्ह्या बालकातही हे घडते. कारण त्याच्या टी पेशी या कामाला जन्मतःच सिद्ध असतात.

जामीनदार म्हणून सर्वांत सोयीचे प्रथिन कोणते, तर धनुर्वाताचे टॉक्सॉइड; आणि ते पुण्यात हडपसरला पिंपेच्या पिंपे तयार होत होते. १९९६-९७ साली सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात, ज्याला लापेसोनी या फ्रेंच वैद्याने १९६३ मध्ये मेंदूज्वराचा पट्टा असे नाव दिले, 'अ' गटाच्या साथीत अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे पंचवीस हजार मरण पावले. जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थांनी २००१ साली मार्क लाफोर्स यांच्या नेतृत्वाखाली एक प्रकल्प आखला. आफ्रिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले की, मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरखाली नसेल तर लस असून नसल्यासारखीच. पाश्चात्त्य कंपन्यांना हा व्यवहार परवडेना. तेव्हा पुण्याच्या संस्थेने काम अंगावर घेतले: ॲमस्टरडॅमहून शर्करा, अमेरिकेच्या औषध प्रशासनातील ली आणि फ्राश यांनी सिद्ध केलेली जोडण्याची रीत, आणि स्वतःच्या घरचे धनुर्वाताचे टॉक्सॉइड. घोड्याच्या रक्तातून धनुर्वाताचे औषध काढण्यासाठी जन्मलेल्या कारखान्याने धनुर्वातालाच मेंदूज्वराचा जामीनदार केले, या योगायोगाचे मला राहून राहून कौतुक वाटते. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये एक ते एकोणतीस वर्षे वयाच्या लोकांना ही लस देण्यास आरंभ झाला, आणि दहा दिवसांत एक कोटी दहा लाखांहून अधिक लोकांना ती मिळाली. पुढे ३५ कोटींपेक्षा अधिक लोकांना ती टोचली गेली, आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'अ' गटाचा एकही निश्चित रुग्ण आढळलेला नाही. रिकाम्या जागेत 'क', 'डब्ल्यू' आणि 'एक्स' हे गट शिरले, तेव्हा त्याच कारखान्याने पाच गटांची लस केली, जिला २०२३ च्या जुलैमध्ये मान्यता मिळून २०२४ साली नायजेरियात ती प्रथम वापरली गेली. तीत 'अ' आणि 'एक्स' यांचा जामीन धनुर्वात आहे, इतर तिघांचा घटसर्पाचे निर्विष प्रथिन.

हे सारे दूरदेशीचे वाटेल, परंतु हिवरा आश्रमात आशाताईच्या हाकेने अंगणवाडीत आणलेल्या बालकाच्या लसीकरणाच्या कार्डावर हाच इतिहास संक्षेपाने लिहिलेला असतो. जन्मतःच डाव्या दंडावर बीसीजी: ही प्रतिपिंडांची लस नव्हे, ती टी पेशींना आणि भक्षक पेशींना शिकविते, आणि प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापुढे दुबळी ठरली तरी मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून ती बऱ्यापैकी राखते. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना डाव्या मांडीवर पेंटा, जिच्यात हिमोफिलसची संयुग्म लस आहे आणि जी २०११ पासून देशात टप्प्याटप्प्याने आली. उजव्या मांडीवर न्यूमोकोकसची संयुग्म लस, २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून सर्वत्र. मेनिंगोकोकस मात्र राष्ट्रीय वेळापत्रकात नाही. दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ साली त्याच्या 'अ' गटाच्या साथी आल्या, तरी आपल्याकडे त्यावरील लस मुख्यतः सैन्यातील जवान आणि हजला जाणारे यात्रेकरू यांच्यापुरतीच राहिली. हजच्या मेळाव्यात १९८७ साली 'अ' गटाची आणि २००० साली 'डब्ल्यू' गटाची साथ उद्भवल्यावर सौदी सरकारने चार गटांच्या लसीचा दाखला सक्तीचा केला. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील हाजीसुद्धा प्रस्थानापूर्वी दंड पुढे करतो, जसे त्याच्या आजोबांच्या काळातील शेजारी पंढरीच्या वाटेवर पटकीच्या टोचणीसाठी करीत.

स्मृती निर्माण झाली म्हणजे काम संपले, असा जो समज प्रथम झाला होता तो ब्रिटनच्या अनुभवाने दुरुस्त केला. १९९९ साली तेथे 'क' गटाची संयुग्म लस सर्व मुलांना दिली गेली. तान्हेपणी टोचलेल्या बालकांच्या शरीरात स्मृतिपेशी शिल्लक असूनही वर्षभरात संरक्षण क्षीण झाल्याचे दिसले. कारण साधे आहे: स्मृतिपेशी जाग्या होऊन पुरेशी प्रतिपिंडे तयार करण्यास चार-पाच दिवस घेतात, आणि हा जंतू कित्येकदा नाकातून रक्तात शिरल्यावर दोनच दिवसांत प्राण घेतो. आठवण आहे पण अवधी नाही. म्हणून पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास पुन्हा एक मात्रा देण्याची तजवीज २००६ साली करण्यात आली. याउलट एक अनपेक्षित लाभ असा झाला की, किशोरवयीन मुलांच्या घशातील जंतूचा वावर सुमारे दोन-तृतीयांशाने घटला, आणि ज्यांना लस मिळालीच नव्हती तेही वाचू लागले.

मेनिंगोकोकसचा एक गट उरतो, तो 'बी'. याच्या कवचातील शर्करा माणसाच्या अर्भकाच्या मेंदूतील एका रेणूशी इतकी मिळतीजुळती आहे की, शरीर तिला परके मानण्यास तयार नसते, आणि तसे मानण्यास भाग पाडणे धोक्याचेही ठरू शकते. म्हणजे येथे धनुर्वाताची जामीनकी चालत नाही. क्यूबाने १९८० च्या दशकात जंतूच्या बाह्य आवरणाचे बुडबुडे वापरून लस केली, पण ती प्रामुख्याने स्थानिक वाणावरच लागू पडे. मग २००० साली या जंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचून, रीनो रॅप्पुओली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या साहाय्याने शेकडो प्रथिने पारखली आणि त्यांतून निवडलेल्या प्रथिनांची लस २०१३ साली युरोपात मान्य झाली. तीत कवचाला हातही लावलेला नाही. जंतूने कवचाखालून बाहेर काढलेली जी प्रथिने आहेत, ज्यांतील एक माणसाच्याच रक्तातील नियंत्रक रेणूला स्वतःकडे ओढून घेते, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे घडतात. घशातील जंतूंना हुसकावण्याच्या कामी मात्र ती संयुग्म लसीची बरोबरी करीत नाही, आणि ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात हजारो विद्यार्थ्यांवर केलेल्या पाहणीत घशातील वावर तिने कमी केल्याचे दिसून आले नाही.